युद्धातील मृत्यू कोणता? युद्ध-शांतता अभ्यासातील विद्याशाखा आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ

प्रस्तावना

ल्युइस फ्राय रिचर्डसन (१८८१-१९५३) या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८२० पासून पुढील सुमारे एकशेतीस वर्षांत जगात घडलेल्या प्राणघातक कलहांची एक विस्तृत सूची सिद्ध केली. या सूचीतील वर्गवारी कलहाच्या नावावरून वा कारणावरून केलेली नसून केवळ मृतांच्या संख्येवरून केलेली आहे. सर्वांत वरच्या वर्गात दोनच नोंदी आहेत, त्या म्हणजे दोन महायुद्धे. त्याखालील वर्गात सात नोंदी आढळतात. चीनमधील तायपिंग बंड, अमेरिकेतील यादवी युद्ध, दक्षिण अमेरिकेतील ला प्लाटाचे युद्ध, बोल्शेविक क्रांतीनंतरचा रक्तपात, चिनी कम्युनिस्टांचे पहिले युद्ध आणि स्पेनमधील यादवी या सहांच्या पंक्तीला सातवी नोंद आहे ती भारतीय उपखंडातील १९४६ ते १९४८ या काळातील जमातवादी दंगलींची. फाळणीच्या त्या हत्याकांडात कोणी कोणाविरुद्ध युद्ध पुकारले नव्हते आणि अखेरीस कोणताही तह झाला नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत ते युद्ध नव्हतेच. तरीही शांतपणे मृतांची मोजदाद करणाऱ्या एका अभ्यासकाने त्याला अमेरिकन यादवी युद्धाच्या शेजारी बसविले.

याच उपखंडात त्यापूर्वी तीनच वर्षे, १९४३ साली, बंगाल प्रांतात मोठा दुष्काळ पडला. महायुद्ध ऐन भरात असताना आणि बऱ्याच अंशी त्या युद्धाच्याच ओघात पडलेल्या या दुष्काळात किती माणसे मेली, याचे अंदाज पंधरा लाखांपासून पस्तीस लाखांच्या वरपर्यंत जातात. रिचर्डसन यांच्या सूचीत त्याची स्वतंत्र नोंद नाही. विसाव्या शतकातील युद्धांच्या इतर प्रसिद्ध सूच्यांमध्येही ती नाही. फाळणीच्या दंगली मोजल्या गेल्या आणि दुष्काळ मात्र मोजला गेला नाही, याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. ते व्याख्येत आहे. ती व्याख्या कोणत्या विद्याशाखेने केली, तिच्यावर कोणी आक्षेप घेतले आणि बंगालच्या मृतांचा अभ्यास प्रत्यक्षात कोणी केला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

कायदेपंडित, समाजशास्त्रज्ञ आणि हवामानशास्त्रज्ञ

युद्ध हा दीर्घकाळ इतिहासकार, सेनानी व कायदेपंडित यांचा विषय होता. पहिल्या महायुद्धानंतर ही मक्तेदारी ढळू लागली. पितिरिम सोरोकिन या समाजशास्त्रज्ञांनी १९३७ साली आपल्या बृहद्ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात ग्रीक-रोमन काळापासूनच्या युरोपीय युद्धांचे मोजमाप सैन्याच्या आकारावरून व हानीवरून करण्याचा प्रयत्न केला. शिकागो विद्यापीठात १९२६ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मानवशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र अशा अनेक विषयांचे अभ्यासक एकत्र आले. त्याचे फलित म्हणजे क्विन्सी राइट यांचा १९४२ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला ‘अ स्टडी ऑफ वॉर’ हा ग्रंथ. १४८० नंतरच्या २७८ युद्धांची सूची त्यात आहे. व्याप्तीच्या दृष्टीने त्याला तोड नाही. तथापि राइट हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक होते आणि सूचीत कोणते युद्ध घ्यावे हे ठरविताना त्यांच्यातील कायदेपंडितच वरचढ ठरला. राष्ट्रसमूहातील सदस्यांचा सहभाग असलेले आणि कायदेशीर अर्थाने युद्ध म्हणून मान्य झालेले, किंवा पन्नास हजारांहून अधिक सैन्य गुंतलेले संघर्ष त्यांनी मुख्यतः विचारात घेतले. अनेक विद्याशाखांची प्रकरणे एका ग्रंथात शेजारी-शेजारी आली, परंतु मोजण्याचे माप एकाच शाखेचे राहिले. बहुविद्याशाखीय म्हणविणाऱ्या पुष्कळ प्रकल्पांची गत आजही याहून निराळी नसते.

रिचर्डसन यांचा मार्ग सर्वस्वी वेगळा होता. ते क्वेकर पंथात वाढले होते आणि पंथाच्या शिकवणीप्रमाणे युद्धात शस्त्र धरण्यास त्यांचा विरोध होता. शिक्षण भौतिकशास्त्राचे, नोकरी हवामान खात्यातली. १९१६ मध्ये खात्यातून बाहेर पडून ते क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले आणि १९१९ पर्यंत फ्रान्समध्ये एका फ्रेंच पायदळ डिव्हिजनच्या जखमींची ने-आण करीत राहिले. याच काळात फुरसतीच्या वेळी त्यांनी २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचा अंदाज निव्वळ गणिताने काढून पाहिला. उत्तर साफ चुकले. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असे आले. एप्रिल १९१७ मधील शँपेनच्या लढाईत हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आजचे संगणकाधिष्ठित हवामान-अंदाज याच पद्धतीच्या पायावर उभे आहेत. १९२० मध्ये हवामान कार्यालय हवाई मंत्रालयाच्या अखत्यारीत गेले तेव्हा रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. पुढे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली, स्कॉटलंडमधील पेस्ली येथील तांत्रिक महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले आणि १९४० मध्ये मुदतपूर्व निवृत्ती पत्करून उर्वरित आयुष्य युद्धाच्या अभ्यासाला वाहिले.

वातावरणातील खळबळ समीकरणांत बसविता येत असेल, तर राष्ट्रांमधील शस्त्रस्पर्धाही बसविता यावी, असा त्यांचा तर्क होता. एका राष्ट्राच्या शस्त्रसज्जतेची वाढ ही प्रतिपक्षाच्या शस्त्रांची भीती, स्वतःवरील खर्चाचा भार आणि जुने वैर या तीन घटकांवर अवलंबून असते, असे मांडून त्यांनी शस्त्रस्पर्धा केव्हा स्थिरावते व केव्हा भडकते याची गणिती अट काढली. ही समीकरणे पुढे प्रसिद्ध झाली. परंतु येथे अधिक महत्त्वाची आहे ती त्यांची सूची.

तिच्यातील मूळ संकल्पना ‘युद्ध’ नसून ‘प्राणघातक कलह’ ही होती. ज्या कलहात माणूस मेला तो प्राणघातक कलह. या व्याख्येत खून, दरोडे, बंडे, दंगली आणि महायुद्धे एकाच मापावर येतात. हे माप दशमान लॉगरिदमचे आहे. हजार मृत्यूंचा कलह परिमाण ३ चा, दहा लाखांचा परिमाण ६ चा. राज्यकर्ते कशाला युद्ध म्हणतात आणि कशाला बंदोबस्त, याच्याशी या मापाला कर्तव्य नाही. निष्कर्षही अनपेक्षित निघाले. एकूण मृतांपैकी सुमारे साठ टक्के, म्हणजे ३ कोटी ६० लाख, केवळ दोन महायुद्धांत गेले होते. त्याखालोखाल मोठा वाटा होता तो दुसऱ्या टोकाचा. एक ते तीन माणसे मारणाऱ्या खुनांनी मिळून सुमारे ९७ लाख बळी घेतले होते. मधल्या आकाराच्या शेकडो युद्धांचा वाटा त्या मानाने कमी होता. युद्धे सुरू होण्याच्या वर्षांत कोणताही ठळक क्रम दिसला नाही. त्यांची विभागणी यदृच्छेने घडणाऱ्या घटनांसारखी होती. समान भाषा बोलणारे लोक आपापसांत कमी लढतात, या लोकप्रिय समजुतीलाही आकड्यांनी सरसकट दुजोरा दिला नाही. ज्या राष्ट्राला शेजारी अधिक त्याची युद्धे अधिक, एवढे मात्र दिसले. या शेवटच्या मुद्द्यासाठी सीमारेषांची लांबी तपासताना स्पेन-पोर्तुगाल सीमा एका संदर्भग्रंथात ९८७ किलोमीटर तर दुसऱ्यात १२१४ किलोमीटर आढळली. मोजपट्टी जितकी लहान तितकी वळणावळणाची रेषा लांब, हे त्यांनी दाखवून दिले. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ साली छापली गेली आणि त्यांवरूनच बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीविषयीचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. युद्धाच्या अभ्यासातून भूमितीची एक नवी शाखा फुटली, हे विद्येच्या इतिहासातील एक नवल म्हणावे लागेल.

रिचर्डसन यांच्या व्याख्येला एक उपकलम होते आणि या निबंधाच्या दृष्टीने तेच निर्णायक आहे. अपघात आणि भूकंप-वादळांसारख्या आपत्ती त्यांनी वगळल्या. दुष्काळ व रोगराईने झालेले मृत्यू कलहाचा तात्काळ परिणाम असतील तरच धरावेत, एरवी नाही, असे ठरविले. शंका उद्भवल्यास फौजदारी कायद्यातील पूर्वनियोजित दुष्ट हेतूची कसोटी मार्गदर्शक मानली. राइट यांनी आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार घेतला होता, रिचर्डसन यांनी फौजदारी कायद्याचा घेतला. त्यामुळे त्यांना फाळणीच्या दंगलींतील मृत्यू दिसले, कारण तेथे मारणारा हात होता. बंगालमध्ये असा हात दाखविता येत नाही.

मायक्रोफिल्मचा प्रवास

रिचर्डसन यांचे युद्धविषयक लेखन कोणत्याही एका विषयाच्या कपाटात बसत नव्हते. १९१९ मधील पहिली पुस्तिका त्यांनी पदरमोड करून काढली आणि रुग्णवाहिका पथकातील सोबत्यांना अर्पण केली. १९३९ चे लेखन मानसशास्त्राच्या नियतकालिकाची पुरवणी म्हणून निघाले. दोन मोठ्या ग्रंथांना प्रकाशकच मिळेना, तेव्हा १९४० च्या दशकाच्या अखेरीस व १९५० साली ते मायक्रोफिल्मवर उतरविण्यात आले. राज्यशास्त्रज्ञांना त्यातील गणित परके होते आणि गणितज्ञांना त्यातील विषय.

१९५४-५५ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड येथे वर्तनशास्त्रांच्या प्रगत अभ्यासासाठी नव्याने स्थापन झालेल्या केंद्रात रिचर्डसन यांचे चिरंजीव स्टीफन हे या मायक्रोफिल्म घेऊन आले. तेथे त्या वर्षी अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग आणि गणिती जीवशास्त्राकडून आलेले अनातोल रापोपोर्ट उपस्थित होते. बोल्डिंग स्वतः क्वेकर. या भेटीतून १९५७ साली मिशिगन विद्यापीठात ‘जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन’ हे नियतकालिक निघाले आणि पहिल्याच वर्षी रापोपोर्ट यांनी त्यात रिचर्डसन यांच्या सिद्धान्ताचा विस्तृत परिचय करून दिला. दोन्ही ग्रंथ १९६० साली छापून निघाले. ‘स्टॅटिस्टिक्स ऑफ डेडली क्वारल्स’ या ग्रंथाच्या संपादकांत क्विन्सी राइट यांचे नाव आहे. ज्याच्या व्याख्येने आपल्या सूचीला छेद दिला त्याच्याच ग्रंथाचे संपादन एका ज्येष्ठ कायदेपंडिताने करावे, यात विद्वत्तेची एक दुर्मीळ उदारता दिसते.

मिशिगनमध्येच १९६३ साली राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड सिंगर यांनी इतिहासकार मेल्विन स्मॉल यांच्या साहाय्याने युद्धांची नवी माहिती-सूची करण्यास प्रारंभ केला. १९७२ च्या त्यांच्या ग्रंथात १८१६ ते १९६५ या काळातील युद्धे आली. युद्ध ठरण्यासाठी लढाईशी संबंधित एक हजार मृत्यूंचा उंबरठा ठेवला होता. हे लढाईतील मृत्यू म्हणजे मुख्यतः सैनिकांचे. शिवाय साम्राज्यवादी व वसाहतींतील युद्धांच्या बाबतीत हा उंबरठा ओलांडला की नाही हे मान्यताप्राप्त राज्याच्या बाजूच्या मृत्यूंवरून ठरविले जाई. दुसऱ्या बाजूला किती मेले याचा त्या हिशोबात समावेश नव्हता. विश्वासार्ह आकडे एकाच बाजूचे मिळतात, हे त्याचे व्यावहारिक समर्थन होते आणि ते खोटेही नव्हते. परंतु आशिया-आफ्रिकेतील वाचकाने ही सूची हाती घेताना तिच्या स्तंभात कोणाचे मृत्यू आहेत, हे आधी पाहणे आवश्यक आहे.

ऑस्लो आणि वाराणसी

या मोजणीला सर्वांत प्रभावी आव्हान दिले ते नॉर्वेच्या योहान गाल्टुंग (१९३०-२०२४) यांनी. गणित व समाजशास्त्र या दोन्हींचे शिक्षण घेतलेल्या गाल्टुंग यांनी लष्करी सेवेला सदसद्विवेकाच्या कारणास्तव नकार देऊन कारावास भोगला होता आणि आर्ने नेस या तत्त्वज्ञांसमवेत १९५५ साली गांधीजींच्या राजकीय नीतिविचारावर ग्रंथ लिहिला होता. १९५९ मध्ये ऑस्लो येथे त्यांच्या पुढाकाराने शांतता-संशोधन संस्था उभी राहिली. १९६९ च्या आपल्या लेखात त्यांनी हिंसेची व्याख्याच पालटली. मनुष्याचे जीवन जसे असू शकले असते आणि जसे आहे, यातील टाळता येण्याजोगे अंतर म्हणजे हिंसा. अठराव्या शतकात क्षयाने मेलेला माणूस हिंसेचा बळी नव्हता. औषध उपलब्ध असताना आज तसाच मेलेला माणूस आहे. येथे मारणारा हात शोधण्याची गरज उरत नाही. हिंसा व्यवस्थेतच असते.

या विचाराचे श्रेय एकट्या गाल्टुंग यांना देण्याची प्रथा आहे, ती पूर्णतः न्याय्य नाही. वाराणसीच्या गांधी विद्या संस्थेतील सुगत दासगुप्ता यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले होते की, विकसनशील देशांत युद्ध नसतानाही शांतता नसते. दारिद्र्य आणि विपरीत विकास यांमुळे तेथे एक प्रकारची ‘अशांतावस्था’ कायम असते आणि शांतता-संशोधनाने तिचा विचार केला पाहिजे. युद्धाचा अभाव म्हणजे शांतता, हे समीकरण युरोपात बसून सुचणे स्वाभाविक होते. वाराणसीतून ते अपुरे दिसणेही तितकेच स्वाभाविक होते.

बोल्डिंग यांना ही व्याप्ती मान्य नव्हती. १९७७ साली गाल्टुंग यांच्याशी आपले बारा ‘स्नेहपूर्ण कलह’ त्यांनी लेखरूपाने मांडले. दारिद्र्य आणि युद्ध यांची कारणे व प्रक्रिया वेगळ्या आहेत. दोहोंना हिंसा हे एकच नाव दिल्याने एकाचेही आकलन नीट होत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. आक्षेप वजनदार आहे. ज्या संकल्पनेत सर्व काही सामावते तिने मोजता काहीच येत नाही. परंतु बंगालचा दुष्काळ या दोघांच्याही मांडणीत नीट बसत नाही. तो केवळ दारिद्र्याचा परिणाम नव्हता आणि केवळ युद्धाचाही नव्हता.

बंगाल, १९४३

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य बंगालच्या किनाऱ्यावर उतरल्यास त्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी जिल्ह्यांतून शिल्लक तांदूळ हलविला आणि हजारो होड्या जप्त वा नष्ट केल्या. नदी-खाड्यांच्या त्या मुलखात होडी म्हणजे मच्छीमाराचे हत्यार आणि व्यापाऱ्याची गाडी. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला वादळाने झोडपले. युद्धखर्चासाठी चलन वाढत होते आणि भाव चढत होते. कलकत्त्यातील युद्धोपयोगी उद्योगांच्या कामगारांना स्वस्त धान्याची हमी मिळाली, खेड्यातील शेतमजुराला मिळाली नाही. धान्य बाहेरून आणण्यासाठी भारतातून वारंवार मागणी होऊनही लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने जहाजे फारच थोडी दिली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ व एन. व्ही. सोवनी यांचा युद्ध आणि भारताचे आर्थिक धोरण या विषयावरील ग्रंथ याच १९४३ साली प्रसिद्ध झाला, ही गोष्ट मुद्दाम नोंदविली पाहिजे. युद्ध रणभूमीपासून दूरच्या बाजारपेठेत कसे पोहोचते, हा प्रश्न येथील अर्थशास्त्रज्ञांपुढे त्याच वेळी उभा होता.

कलकत्त्यात तर मृत्यू दारात होता. विद्यापीठातील मानवशास्त्राचे अध्यापक तारकचंद्र दास यांनी शहरात आलेल्या निराधारांची पाहणी केली. ते कोणत्या जिल्ह्यातून आले, कोणत्या जातीचे व व्यवसायाचे होते, कुटुंबातील कोण मागे राहिले, याच्या नोंदी घेतल्या. ती पाहणी १९४९ मध्ये विद्यापीठाने प्रसिद्ध केली. भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी रामकृष्ण मुखर्जी आणि अंबिका घोष यांच्यासह ग्रामीण कुटुंबांची नमुना पाहणी करून दुष्काळाच्या पश्चात परिणामांवरील अहवाल १९४६ साली ‘संख्या’ या नियतकालिकात दिला. मुखर्जी हे मानवशास्त्राचे पदवीधर होते. महालनोबीस मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, १९२२ ते १९२६ या काळात अलीपूर वेधशाळेचे हवामानशास्त्रज्ञ आणि नंतर संख्याशास्त्रज्ञ. म्हणजे विद्याशाखांचा जो प्रवास रिचर्डसन यांनी केला, जवळजवळ तोच. मात्र रिचर्डसन यांचा ग्रंथ युद्ध-अभ्यासाच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. महालनोबीस आणि दास यांच्या पाहण्या दुष्काळ-अभ्यासात मोडतात. वर्गीकरणाने केलेली ही फाळणी आहे. विषय बदलला नव्हता, ग्रंथालयातील फडताळ तेवढे बदलले.

पुढील दशकांत या दुष्काळाकडे एकेक नवी शाखा वळली. सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा पंधरा लाख दिला होता. १९७३ साली एस. वाय. पद्मनाभन या वनस्पतिरोग-शास्त्रज्ञांनी १९४२ च्या भातपिकावरील तपकिरी ठिपक्यांच्या बुरशीजन्य रोगाला मुख्य कारण ठरविले. १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी सरकारी आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले की, १९४३ मधील धान्यपुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. धान्य होते, ते विकत घेण्याची ऐपत शेतमजूर, मच्छीमार व ग्रामीण कारागिरांपाशी उरली नव्हती. या निष्कर्षासाठी त्यांनी महालनोबीस यांच्याच पाहणीचा उपयोग केला. त्यांचा मृतांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास आहे. पुढील वर्षी पॉल ग्रीनो या इतिहासकाराने तो पस्तीस लाखांवर नेला. १९९१ मध्ये टिम डायसन व अरूप महारत्न या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी जन्ममृत्यूच्या नोंदी पुन्हा तपासून तो एकवीस लाखांच्या आसपास आणला. २०१९ साली गांधीनगरच्या आयआयटीतील अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७० पासूनच्या जमिनीतील ओलाव्याची पुनर्रचना केली, तेव्हा त्या काळातील मोठ्या दुष्काळांपैकी १९४३ हा एकच असा निघाला की ज्याच्या मुळाशी अवर्षणामुळे कोरडी पडलेली जमीन नव्हती. सेन यांच्या पुरवठ्याविषयीच्या निष्कर्षावरील वाद यामुळे संपलेला नाही, कारण रोगाने गेलेले पीक ओलाव्यात दिसत नाही. मात्र पाऊस न झाल्याने हे घडले, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही.

आता रिचर्डसन यांच्या मापाकडे परतून पाहता येईल. पंधरा लाख मृत्यूंचे परिमाण ६.२ येते, तीस लाखांचे ६.५. कोणताही अंदाज धरला तरी हा दुष्काळ परिमाण ६ च्या वर्गात, म्हणजे फाळणीच्या दंगली आणि अमेरिकन यादवी यांच्या पंक्तीत किंवा तिच्या अगदी वरच्या कडेला पोहोचतो. आडवा येतो तो ‘तात्काळ’ हा एक शब्द. निम्म्याहून अधिक माणसे १९४३ नंतर, धान्याचे भाव उतरल्यानंतर, रोगांनी मेली आणि त्यांत मलेरियाचा वाटा फार मोठा होता. मलेरियावरील क्विनाईनचा जगाला होणारा बहुतांश पुरवठा जावामधून होत असे आणि १९४२ मध्ये जावा जपानच्या ताब्यात गेले. १९४४ साली बंगालच्या खेड्यात उपासमारीने खंगलेला शेतमजूर क्विनाईनअभावी तापाने मेला, तर तो कोणाचा बळी? रिचर्डसन यांच्या कसोटीवर तो रोगाचा बळी आहे, गाल्टुंग यांच्या कसोटीवर व्यवस्थेचा. जावा, होड्या, जहाजे आणि चलन यांचा धागा जोडणाऱ्या आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने तो महायुद्धाचा आहे. रिचर्डसन यांनी दुसऱ्या महायुद्धाचे परिमाण ७.३, म्हणजे सुमारे दोन कोटी मृत्यू, असे ठरविले होते. आजचे अंदाज सहा कोटींच्या वर जातात. हे अंतर अंशतः नव्याने मिळालेल्या माहितीचे, अंशतः व्याख्येचे आहे. युद्धामुळे पडलेले दुष्काळ व साथी आजच्या अनेक अंदाजांत धरल्या जातात.

इराक आणि काँगो

ही चर्चा केवळ इतिहासापुरती राहिलेली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून युद्धातील मृत्यू मोजण्याचे काम रोगपरिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासकांनीही हाती घेतले. त्यांची पद्धत महालनोबीस यांच्या पद्धतीची दूरची नातलग आहे: निवडक कुटुंबांना विचारून मृत्युदर काढायचा, युद्ध नसते तर तो किती असता याच्याशी ताडून पाहायचा आणि वरचे मृत्यू युद्धाच्या खाती टाकायचे. येथे हेतूची कसोटी नाही आणि ‘तात्काळ’ची अटही नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मधील पाहणीने इराकमधील अधिकच्या मृत्यूंचा आकडा सुमारे ६ लाख ५५ हजार दिला, तेव्हा वृत्तांवरून एकेका मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या गटाच्या आकड्याच्या तो कितीतरी पट होता. वाद तीव्र झाला. पाहणीच्या नमुन्यावर व कार्यपद्धतीवर गंभीर आक्षेप घेण्यात आले आणि त्यांतील काही टिकणारे होते.

काँगोची कथा बंगालशी अधिक मिळतीजुळती आहे. आंतरराष्ट्रीय मदत समितीने ऑगस्ट १९९८ ते एप्रिल २००७ या काळातील अधिकच्या मृत्यूंचा अंदाज ५४ लाख दिला. त्यांतील फार थोडे शस्त्राने झालेले होते. बाकीचे ताप, अतिसार, श्वसनविकार आणि कुपोषण यांनी. पुढे कॅनडातील मानवी सुरक्षा अहवालाच्या अभ्यासकांनी हा आकडा फार फुगलेला असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, तुलनेसाठी धरलेला मूळ मृत्युदर आफ्रिकेतील त्या भागाचा सरासरी दर होता; युद्धापूर्वीचा काँगो त्याहून पुष्कळ वाईट स्थितीत होता, त्यामुळे पूर्वीच्या दुरवस्थेचे मृत्यूही युद्धाच्या खाती पडले. बोल्डिंग आणि गाल्टुंग यांच्यातील जुना कलहच येथे एका अपूर्णांकाच्या छेदात येऊन बसलेला दिसतो. बंगालचा अभ्यास करणाऱ्या लोकसंख्याशास्त्रज्ञांपाशी गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या आणि १९३१ व १९५१ च्या जनगणना होत्या. १९४१ ची जनगणना युद्धामुळेच आखडती घ्यावी लागली होती. काँगोमध्ये पाहणी झाली तेव्हा हाताशी असलेली शेवटची जनगणना १९८४ सालची होती.